सुईचा परवाना

भाद्रपद महिना आहे. एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातील वीस-पंचवीस घरांच्या एखाद्या टोल्यावर दहा दिवसांचे अर्भक सकाळपासून दूध ओढेनासे झाले आहे. त्याचे रडणे क्षीण झाले आहे, हातपाय लुळे पडू लागले आहेत. नाल्याला पूर असल्यामुळे वाट बंद आहे. अर्भकाच्या उशाशी बसलेल्या आशाताईला ही लक्षणे कशाची आहेत ते शिकवलेले आहे. त्यावर उपाय कोणता, हेही तिच्या कानावर आहे. तो उपाय करण्याचा अधिकार मात्र तिला नाही. अधिकार ज्यांना आहे ती माणसे नाल्याच्या पलीकडे आहेत. आणि त्यांच्यापैकी उपकेंद्रातील नर्सबाईला तरी हा अधिकार २०१४ सालापर्यंत कोठे होता?

शुश्रूषेचे ज्ञान असणे आणि ते वापरण्याचा परवाना असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या भिन्न असण्याला सबळ कारण आहे. कोणीही उठावे आणि कोणाच्याही अंगात सुई टोचावी, ही अवस्था गरिबांच्या हिताची नाही. खेड्यापाड्यांतून सलाइनच्या बाटल्या टांगून बसलेल्या भोंदूंनी गरिबांचेच खिसे कापले आहेत. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा आणि महाराष्ट्राचा १९६६ चा परिचारिका अधिनियम यांचा हेतू रुग्णाचे रक्षण हा होता, तसाच परिचारिकेचे रक्षण हाही होता. ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे, अशी नोंद भोर समितीने १९४६ साली केली. ज्या काळात या पेशातील स्त्रीला समाज मोलकरणीहून फार वेगळी मानत नव्हता, त्या काळात सरकारी नोंदवहीत आपले नाव असणे हेच तिचे कवच होते. म्हणून परवाना ही संस्थाच मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांशी समाजवाद्यांचे काही देणेघेणे असू शकत नाही. प्रश्न वेगळा आहे. परवान्यासाठी कोणते ज्ञान तपासले जाते, कोणाचे तपासले जाते, आणि कोणाचे तपासायचेच नाही असे आधीच ठरलेले असते?

आपल्याकडे परिचर्येच्या परवान्यासाठी वेगळी परीक्षा नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली की मुलीचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढते. खरी घासाघीस त्यानंतर, सरकारी भरतीच्या वेळी होते. तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांची जाडजूड गाइडे बाजारात येतात, शिकवणीवर्ग उघडतात आणि तीन वर्षांत शिकलेले सारे तीन महिन्यांत पुन्हा घोकले जाते. औषधाची मात्रा, नाडीचे ठोके, तापाचे अंश, जखमेच्या पट्टीचे प्रकार. या घोकंपट्टीची चेष्टा करण्याचे कारण नाही. मात्रा चुकली तर माणूस मरतो, आणि मात्रा पाठच असावी लागते. अमेरिकेत याच टप्प्यावर परवान्याची स्वतंत्र परीक्षा आहे. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते, आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी तिची केंद्रे भारतातील मोठ्या शहरांतही आहेत. त्या परीक्षेचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती निव्वळ माहिती विचारत नाही, निर्णय विचारते. चार रुग्ण आहेत, चौघांची ही लक्षणे आहेत, तर आधी कोणाकडे धावाल? शुश्रूषेचे मर्म या प्रश्नात आहे, यात शंका नाही. तथापि ज्या देशाने हा प्रश्न छापला, त्याच देशाच्या रुग्णालयांसाठी आपल्या मुली त्याची उजळणी करतात; आणि हाच प्रश्न वर्षानुवर्षे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या गडचिरोलीच्या बाईला तो कोणी विचारत नाही.

गडचिरोलीच्या बाईने तो सोडवला आहे, हे काव्य नव्हे. त्याला आकड्यांचा आधार आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. निम्म्याहून कितीतरी अधिक भूमी जंगलाची; बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाणारा, आणि आता सुरजागडचे लोहखनिज बाहेर जाणारे. याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. मुले न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावे लागते, आणि गावातल्या दाईला दहाच्या पुढे मोजण्याचा सराव नव्हता. कोणत्याही परीक्षा मंडळाने तिला तेथेच नापास केले असते. येथे मात्र तिच्या हाती मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची एक साधी चौकट देण्यात आली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर तो न्यूमोनिया. बाईला मोजता येत नाही म्हणून तिला बाद करण्याऐवजी मोजण्याचे साधनच तिच्या हाताजोगे केले गेले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या जागतिक कीर्तीच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. नवजात अर्भकांच्या मृत्यूचे एक मोठे कारण रक्तातील जंतुदोष हे असते. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांना सात लक्षणे शिकवली गेली: दूध ओढणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी वा पोट फुगणे, अंग गार लागते असे आईने सांगणे, छाती आत ओढली जाणे, नाळेत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एका वेळी दिसली की जंतुदोष समजायचा. आईवडिलांनी रुग्णालयात जाण्यास नकार दिला, वा जाणे अशक्य असले, तर तोंडाने द्यायचे औषध द्यायचे आणि जेन्टामायसिनचे इंजेक्शन दिवसातून दोनदा सात दिवस टोचायचे. ३९ गावांत हे काम चालले. जंतुदोष झालेल्या अर्भकांपैकी पूर्वी शंभरांत सुमारे १७ दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण तिनाच्या आत आले. अर्भकाच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा दर हजार जन्मांमागे ६२ होता, तो १९९८ पर्यंत २५ वर उतरला. हा प्रयोग ज्या गावांत नव्हता तेथे तो दर ६० च्या घरातच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हा वृत्तांतही ‘लॅन्सेट’ने छापला.

त्या सात लक्षणांतले एक पुन्हा वाचावे: अंग गार लागते असे आईने सांगणे. हे लक्षण तापमापकावर उमटत नाही. ते आईच्या तोंडून येते, आणि आई माडिया बोलते, गोंडी बोलते, सिरोंच्याकडे तेलुगू बोलते, मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत बंगाली बोलते. तिचे शब्द ऐकून त्यांचे वजन ओळखणे हा निदानाचा भाग आहे. गाइडांच्या हजार पृष्ठांत या ज्ञानाला अर्धा गुणही नाही. भामरागडच्या उपकेंद्रावर नेमणूक झालेल्या घाटावरच्या मुलीला, मग तिचे गुणपत्रक कितीही उज्ज्वल असो, पहिले वर्ष या बाबतीत निरक्षराचेच काढावे लागते. हा तिचा दोष नाही. तिला रुग्णाची भाषा येते की नाही हे कोणत्याच परीक्षेने विचारलेले नसते.

उजळणीचा मुद्दा येथेच सुटतो. त्या ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांची परीक्षा एकदा होऊन संपली नव्हती. पंधरवड्यातून एकदा डॉक्टर गावात जाई. उपचार करण्यासाठी नव्हे, तर तिने केलेल्या नोंदी पडताळण्यासाठी. तिने कोणते लक्षण टिपले, कोणते निसटले, वजन बरोबर घेतले का, याची तपासणी त्या अर्भकाच्या घरीच होत असे. कागदावरची परीक्षा एकदा देऊन माणूस आयुष्यभर उत्तीर्ण राहू शकतो. परवान्याचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरणही बहुधा व्याख्यानांना लावलेल्या हजेरीच्या तासांवर होते, हाताच्या कौशल्यावर नव्हे. जिला परवाना नव्हता तिची परीक्षा दर पंधरा दिवसांनी झाली, आणि ज्यांच्याजवळ परवाना आहे त्यांच्या हाताची परीक्षा शेवटची केव्हा झाली हे त्यांनाच आठवावे लागेल.

यावर वैद्यकीय व्यवसायातून येणारा आक्षेप परिचित आहे. जेन्टामायसिन हे खेळणे नाही. त्याची मात्रा वाढली तर मूत्रपिंड आणि कान यांना इजा होते. अगदी खरे. म्हणूनच मात्रा ठरवून दिलेली असावी, वजनकाटा अचूक असावा, देखरेख कडक असावी. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी एवढे सांगावे, की नाल्याला पूर असलेल्या त्या रात्री त्यांच्याकडे पर्याय कोणता होता? तुलना आरोग्यदूत बाई आणि मुंबईचा बालरोगतज्ज्ञ यांच्यात होत नसते. ती आरोग्यदूत बाई आणि मृत्यू यांच्यात होत असते. शिवाय दर्जाचा हा आग्रह सर्वत्र सारखा असता तर त्याचा मान राखता आला असता. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. डॉक्टरांच्या संघटनेने त्यालाही विरोध केला, हे मान्य. पण शासन झुकले ते पदवीधरांपुढे. आठवी-दहावी शिकलेल्या बाईच्या बाजूने असे विधेयक कोणी मांडल्याचे स्मरत नाही.

शासनाने गडचिरोलीचा धडा घेतला, पण तो अर्धाच घेतला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी आशा नेमल्या गेल्या. २०११ पासून घरोघरी जाऊन नवजात अर्भकाची काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशांवर सोपवण्यात आले. वजनकाटा आला, तापमापक आला, घड्याळ आणि दुपटे आले. सुई मात्र वाटेत कोठेतरी काढून घेतली गेली. आशाने ओळखावे आणि पाठवावे. टोचण्याचे काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अर्भकाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत जेन्टामायसिन देण्याची मुभा उपकेंद्रातील नर्सबाईला, म्हणजे एएनएमला, दिली. गावच्या बाईने जे करून दाखवल्याचे १९९९ साली जगाने वाचले होते, ते रीतसर शिकून नोंदणी झालेल्या परिचारिकेला करू देण्यास दिल्लीला पंधरा वर्षे लागली. आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. निकष लोकवस्ती मोजतो, मधले नाले मोजत नाही.

गंमत अशी की मलेरियाच्या बाबतीत हेच शासन आशाच्या हाती बोट टोचण्याची सुई देते, रक्ताची झटपट चाचणी तिच्याकडून करून घेते आणि औषधही तिच्याच हातून वाटते. तेथे तिच्या पात्रतेची शंका येत नाही. मलेरिया निर्मूलनाचे उद्दिष्ट पुरे करायचे असते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच बाजूने येतो. शहरात डॉक्टर आणि परिचारिका, जंगलात मात्र तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली बाई. गरिबांसाठी दुय्यम औषधोपचार का म्हणून स्वीकारायचा? पूर्ण वेतनावरचे डॉक्टर आणि पूर्ण वेतनावरच्या परिचारिका मागायच्या सोडून सरकारला स्वस्तातली सुटका का मिळवून द्यायची? या आक्षेपातला संताप रास्त आहे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २०१५ साल उजाडावे लागले, हे विसरण्याजोगे नाही. परंतु आरोग्यदूताच्या कामामुळे डॉक्टरांची मागणी मावळते, हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. उशाशी बसलेली बाई रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही, तसेच रुग्णालयही त्या बाईची जागा घेऊ शकत नाही. न्यूयॉर्कमधल्या बालरुग्णालयातही अर्भकाने दूध ओढणे थांबवले हे प्रथम परिचारिकेलाच दिसते. ती तेथे रात्रभर बसलेली असते.

स्वस्तातल्या सुटकेचा आरोप मात्र झटकून टाकता येणार नाही, आणि या बाबतीत समाजवाद्यांनी आपल्या घरातही पाहावे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता राजवटीने जनस्वास्थ्य रक्षकांची योजना सुरू केली तेव्हा आरोग्यमंत्री होते राजनारायण, समाजवादी चळवळीतला बुलंद आवाज. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती, ही घोषणा उदात्त होती. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची एक पेटी आणि महिना ५० रुपये मानधन, हे तिचे प्रत्यक्ष रूप होते. निवडलेल्यांत पुरुषांचाच भरणा अधिक होता. बाळंतिणीच्या खोलीत ज्यांना प्रवेशच नाही अशांच्या हाती माताबालकांचे आरोग्य सोपवले गेले. पुढे १९८० साली राजवट पालटली, तेव्हा ‘कामगार’ हा शब्द पुसून ‘स्वयंसेवक’ हा शब्द आला, आणि १९८१ साली ‘आरोग्य मार्गदर्शक’ हे तिसरे बारसे झाले. नाव का बदलले जाते हे श्रमिक संघटनांच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. कामगार म्हटले की वेतन आले, सेवाशर्ती आल्या. स्वयंसेवकाला आभार पुरतात.

आशा ही त्याच वंशावळीतली आहे. घरी बाळंतपण झाले तर सात आणि रुग्णालयात झाले तर सहा गृहभेटी, ४२ दिवसांपर्यंत, प्रत्येक भेटीत वजन, तापमान, श्वास, नाळ, दूध यांची तपासणी, आणि या सर्वांचा मोबदला २५० रुपये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाख आशांचा गौरव केला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातील आशा संपावर होत्या आणि मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. मागणी होती ती जाहीर झालेल्या वाढीचा शासननिर्णय निघावा एवढीच.

परवाना आणि पगार यांचे नाते येथे उघडे पडते. आशाला परवाना न देण्याचे दाखवलेले कारण रुग्णाची सुरक्षितता हे आहे. परंतु परवाना दिला तर ती व्यावसायिक ठरते, तिच्या कामाला दर्जा लागतो, दर्जाला वेतनश्रेणी लागते, आणि चूक झाली तर तिच्यावर देखरेख न ठेवणाऱ्या अधिकाऱ्यालाही जाब द्यावा लागतो. हे सारे टाळायचे तर सर्वांत सोयीचे काय? तिला शिकवायचे, तिच्याकडून काम करून घ्यायचे, आणि तिला काही येते याची नोंद मात्र कोठेही करायची नाही.

मर्यादित परवाना ही कल्पना भारतीय कायद्याला अपरिचित नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात सामुदायिक आरोग्य प्रदात्यांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. परिचर्येच्या क्षेत्रात १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत झाला. या कायद्याखाली गावपातळीवरच्या परिचर्येचा मर्यादित परवाना निर्माण करण्याची मागणी डाव्या आणि समाजवादी संघटनांनी करायला हवी. ठरलेली दहा-बारा कामे, त्यांची ठरलेली मात्रा, आणि परीक्षा. परीक्षा हवीच, ती कडक हवी. मात्र ती माडिया, गोंडी, मराठी वा तेलुगू अशा ज्या भाषेत काम चालते त्या भाषेत, तोंडी, आणि प्रत्यक्ष अर्भकासमोर वजनकाटा हाती देऊन घेतली जावी. वर्षातून एकदा तिची उजळणी व्हावी आणि त्या दिवसांचा पगार कापला जाऊ नये.

नोंदणीकृत परिचारिकांच्या मनात यामुळे भीती उत्पन्न होईल, हे गृहीत धरले पाहिजे. त्यांच्यातल्या पुष्कळजणी स्वतःच कंत्राटावर आहेत. खाली स्वस्त परवानाधारक तयार झाल्या तर आपल्या जागा भरल्याच जाणार नाहीत, ही शंका निराधार नाही. शासनाचा इतिहास पाहता ती शहाणपणाचीच आहे. तिचे उत्तर आशाला अडवून धरण्यात मिळणार नाही. ते मिळेल जिना बांधण्यात, म्हणजे आशापासून एएनएम, एएनएमपासून परिचारिका, असा अनुभवाला गुण देणारा मार्ग काढण्यात, आणि प्रत्येक पायरीवर नियमित वेतन मागण्यात.

आज हा जिना पहिल्याच पायरीवर तुटलेला आहे. आशाच्या निवडीसाठी वय २५ ते ४५ असावे, असा निकष आहे. एएनएमच्या अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण हवी आणि वय ३५ च्या आत हवे. पंचविशीत आशा झालेली धानोऱ्याची बाई शेकडो अर्भकांचे श्वास मोजून दहा वर्षांनी खऱ्या अर्थाने तयार होते, नेमके त्याच वर्षी नियम तिला सांगतो की तुझे शिकण्याचे वय संपले. अनुभवी आशांपुरती ही वयाची आणि बारावीची अट शिथिल करणे हे धोरणाचे काम आहे. त्यासाठी तिजोरीला खिंडार पडत नाही. पुढच्या संपाच्या मागणीपत्रात मानधनाच्या कलमाखाली लगेच हे कलम यावे, आणि त्या मागणीपत्रावर आशांच्या संघटनेबरोबर परिचारिकांच्या संघटनेचीही सही असावी.